मागून नेलेली मोटार: उसनवारीची रीत आणि विम्याचा कायदा

महाराष्ट्राच्या शेतीजीवनात जनावरे, अवजारे आणि वाहने एकमेकांना देण्याघेण्याची रीत इतकी रुळलेली होती की तिच्यासाठी भाषेत स्वतंत्र शब्द घडले. एकेक बैल असलेले दोन शेतकरी सावड करून नांगर चालवीत, नांगरट अडलेल्या माणसाच्या शेतावर इर्जिकीला गावातली औते एकत्र येत, आणि लग्नसराईत ज्याच्या दाराशी दमणी किंवा छकडा असेल त्याच्याकडून तो हक्काने मागून नेला जाई. या देवघेवीत जोखीम होतीच. परंतु बैल लंगडा झाला किंवा गाडीचा आख मोडला तर कोणी किती सोसायचे हे नात्यागोत्याने आणि गावाच्या रिवाजाने ठरत असे, कारण नुकसान झाले तरी ते बहुधा देणारा आणि नेणारा या दोघांपुरतेच असे. मोटार आली तेव्हा ही रीत जशीच्या तशी तिलाही लागू झाली, मात्र मोटारीच्या वेगाने या दोघांच्या व्यवहारात एक तिसरा माणूस आणून उभा केला. तो रस्त्यावरचा तिऱ्हाईत होता आणि त्याने मोटार दिलीही नव्हती, नेलीही नव्हती. उसन्या वाहनाच्या विम्याचा भारतातील इतिहास म्हणजे या तिऱ्हाईताला हळूहळू मिळालेल्या संरक्षणाचा आणि त्याच वेळी, जवळजवळ नकळत, वाहन मागून नेणाऱ्याच्या पदरी पडलेल्या असुरक्षिततेचा इतिहास आहे.

मोटारीच्या आधी हा विषय ज्या कायद्यात सामावलेला होता तो म्हणजे १८७२ चा भारतीय करार कायदा. एखादी वस्तू विशिष्ट हेतूने दुसऱ्याच्या ताब्यात देणे आणि तो हेतू पुरा झाल्यावर ती परत मिळण्याची अपेक्षा असणे, या व्यवहाराला त्या कायद्यात निक्षेप म्हणतात, आणि त्याचे नियम कलम १४८ ते १७१ यांत आहेत. कायद्याने नियम समजावून देण्यासाठी जी उदाहरणे दिली त्यांपैकी दोन घोड्यांची असून आजच्या मोटारमालकालाही ती सहज कळण्यासारखी आहेत. घोडा खोडकर आहे हे ठाऊक असूनही मालकाने तो न सांगता दुसऱ्याला दिला आणि घोडा उधळून स्वार पडला, तर त्या इजेची जबाबदारी देणाऱ्यावर येते; आणि घोडा फक्त स्वतः बसण्यासाठी नेलेल्याने तो घरातल्या दुसऱ्या माणसाला दिला, त्या माणसाने तो जपूनच चालवला, तरीही घोडा पडून जखमी झाला, तर भरपाई मूळ नेणाऱ्याने द्यायची. ब्रेक नीट लागत नाहीत हे न सांगता गाडी देणारा आणि मित्राकडून आणलेली गाडी परस्पर मेहुण्याच्या हाती देणारा, हे दोघेही त्या घोड्यांच्या उदाहरणांत आधीच उभे आहेत. विनामोबदला दिलेली वस्तू देणाऱ्याने मुदतीपूर्वीही परत मागावी, एवढी मुभा कलम १५९ देते, आणि नेणाऱ्याने ती सामान्य शहाण्या माणसाइतकी जपावी अशी अपेक्षा कलम १५१ करते. मात्र या साऱ्या कलमांत घोड्याच्या टापांखाली सापडलेला वाटसरू कोठेच नाही.

मुंबईत १८९८ च्या सुमारास पहिल्या मोटारी आल्या आणि त्यांच्या मालकांत जमशेटजी टाटा होते असे सांगितले जाते. संबंध हिंदुस्थानासाठी पहिला मोटार वाहन कायदा १९१४ साली झाला. त्याने वाहनाची नोंदणी आणि चालकाचे लायसन या दोन गोष्टी आणल्या, पण विम्याची सक्ती केली नाही. विमा उतरवणे हा तेव्हा मालकाच्या ऐपतीचा आणि इच्छेचा प्रश्न होता. मुंबई हे त्या धंद्याचे मोठे केंद्र होते: १९०७ साली येथे इंडियन मर्कंटाइल इन्शुरन्स ही सर्व प्रकारचा साधारण विमा, म्हणजे आयुर्विम्याखेरीजचा विमा, उतरवणारी भारतीय कंपनी निघाली आणि १९१९ साली दोराबजी टाटांनी न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्स स्थापन केली. अशा ऐच्छिक विम्यात कंपनीचा करार मालकाशी असे, मोटारीशी नसे. त्यामुळे मालक घरी असताना मोटार दुसऱ्याच्या हाती असली तर विमा नेमका कोणाच्या मागे उभा राहतो, हा प्रश्न उघडाच राहिला होता.

तो प्रश्न आधी सुटू लागला तो इंग्लंडमध्ये. १९२४ साली तेथील न्यायालयापुढे आलेल्या एका दाव्यात मोटार मालकाची बहीण चालवत होती आणि विमापत्रात मालकाच्या संमतीने चालवणाऱ्या नातलगाला व मित्राला संरक्षण देण्याचे कलम होते; न्यायालयाने त्या कलमाला अर्थ दिला आणि बहिणीच्या वतीने भावाला कंपनीकडून रक्कम मिळाली. याउलट ब्रिटिश कोलंबियातून आलेल्या व्हँडेपिट खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने १९३२ साली करारतत्त्वाची काटेकोर बाजू घेतली. प्रिव्ही कौन्सिल म्हणजे साम्राज्यातील अपिलांचे ते अंतिम न्यायपीठ, ज्याच्याकडे हिंदुस्थानातील अपिलेही जात. वडिलांची मोटार मुलगी चालवत होती, विमापत्रात परवानगीने चालवणाऱ्यांचा उल्लेखही होता, पण मुलगी करारात पक्षकार नव्हती आणि तिच्यासाठी करार करण्याचा वडिलांचा हेतू सिद्ध झाला नाही, म्हणून जखमी व्यक्तीला विमा कंपनीकडून काहीही मिळू शकले नाही. ज्याने करार केला नाही त्याला कराराचा लाभ नाही, हे तत्त्व व्यापारात ठीक असेल. रस्त्यावर ते निष्ठुर ठरले.

इंग्लंडच्या १९३० च्या रोड ट्रॅफिक कायद्याने ही निष्ठुरता दोन बाजूंनी कमी केली. एकीकडे त्याने तिऱ्हाईताच्या इजेबद्दलचा विमा सक्तीचा केला आणि विमापत्रात नमूद केलेल्या व्यक्तींना किंवा व्यक्तींच्या वर्गांना, त्या करारात पक्षकार नसल्या तरी, कंपनीने संरक्षण दिलेच पाहिजे असे ठरवले. दुसरीकडे विमा नसलेल्या माणसाला आपले वाहन वापरू देणे हाच गुन्हा केला. या दुसऱ्या तरतुदीचा परिणाम १९३५ च्या अहवालांत छापलेल्या माँक विरुद्ध वॉर्बी या खटल्यात दिसला. मालकाने मोटार मित्राला दिली, विमा फक्त मालकापुरता होता, अपघात करणाऱ्याजवळ भरपाईला पैसे नव्हते. अपील न्यायालयाने निर्णय दिला की विम्याविना मोटार दुसऱ्याच्या हाती देऊन मालकाने वैधानिक कर्तव्य मोडले, म्हणून जखमीची भरपाई त्यानेच करावी. मोटार देणे ही खासगी मेहरबानी न राहता लोकांप्रति जबाबदारीचे कृत्य झाले, हा या निकालाचा खरा आशय होता आणि भारतातील पुढच्या कायद्याची मांडणी त्याच दिशेची आहे.

हिंदुस्थान सरकारच्या मोटार वाहन विमा समितीने १९३६–३७ मध्ये अहवाल दिला, त्यानंतर १९३९ चा मोटार वाहन कायदा झाला, आणि त्याचे विम्यासंबंधीचे आठवे प्रकरण, मध्ये महायुद्धाची वर्षे गेल्यामुळे, १ जुलै १९४६ पासून अमलात आले. त्यातील कलम ९४ ची शब्दरचना उसनवारीच्या दृष्टीने मुळातून वाचण्यासारखी आहे: विमापत्र अमलात असल्याशिवाय सार्वजनिक ठिकाणी कोणी वाहन वापरू नये, तसेच दुसऱ्याला वापरायला लावू नये किंवा वापरू देऊ नये, आणि तो विमा त्या दुसऱ्या व्यक्तीच्या वापरालाही लागू असला पाहिजे. म्हणजे गाडी मागून नेण्याची रीत कायद्याने डोळ्यांआड केली नव्हती. ती गृहीत धरूनच नियम केला होता. कलम ९५ च्या पाचव्या पोटकलमाने विमापत्रात उल्लेखलेल्या व्यक्तींच्या वर्गांना संरक्षण देण्याचे बंधन कंपनीवर घातले, आणि व्हँडेपिट खटल्यातील अडचण भारतापुरती दूर झाली. कलम ९६ प्रमाणे विमेदाराविरुद्ध हुकूमनामा झाला की कंपनीने तो थेट जखमीला चुकता करायचा, आणि टाळाटाळीची कारणे कायद्यात मोजून दिलेली तेवढीच: वाहन भाड्याने चालवण्यास मनाई असताना तसे चालवणे, शर्यतीत उतरवणे, लायसन नसलेल्या माणसाने चालवणे आणि अशीच काही थोडी. १९५६ च्या दुरुस्तीने मोटार अपघात दावा न्यायाधिकरणांची सोय झाली, तेव्हा दिवाणी न्यायालयातील मूल्यानुसार लागणाऱ्या स्टँपचा आणि लांबलचक प्रक्रियेचा अडसर बराचसा दूर झाला.

नव्या तरतुदींची कसोटी पाहणारा उसन्या मोटारीचा खटला मुंबईतूनच सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९६४ साली निकाली निघाला. एका गृहस्थाची शेव्हरोले मोटार त्याच्या परवानगीने दुसरा गृहस्थ चालवत होता; या दुसऱ्याची स्वतःचीही मोटार होती, तिचा विमा वेगळ्या कंपनीकडे होता, आणि त्या विमापत्रात तो परक्याची मोटार चालवत असतानाही त्याला संरक्षण देण्याचे कलम होते. शेव्हरोलेचा विमा उतरवणाऱ्या न्यू एशियाटिक इन्शुरन्सने आपल्या विमापत्रातील अट पुढे केली: परवानगीने चालवणाऱ्याला आम्ही संरक्षण देतो खरे, पण त्याला दुसऱ्या विम्यातून ते मिळत नसेल तरच. जखमींच्या दृष्टीने हा दोन कंपन्यांमधला चेंडूफळीचा खेळ होता. सर्वोच्च न्यायालयाने तो थांबवला. विमापत्रात सांगितलेल्या व्यक्तीमुळे तिऱ्हाईताला होणाऱ्या हानीची जबाबदारी कंपनीने एकदा पत्करली की मग आतील अटींमुळे तिऱ्हाईताचा कायद्याने मिळालेला हक्क बाधित होत नाही, असे न्यायालयाने सांगितले. या निर्णयानंतर भारतीय विमाव्यवहारात एक समज स्थिर झाला, आणि तो बव्हंशी बरोबर आहे, की विमा गाडीमागे असतो, चालवणाऱ्यामागे नसतो.

तथापि कंपनीने कोणाचे ओझे उचलायचे हे ठरण्यापूर्वी ते ओझे मालकावर येते का, हे ठरावे लागते. मालक स्वतः चाकावर नसताना दुसऱ्याच्या चुकीबद्दल त्याला जबाबदार धरण्याच्या तत्त्वाला प्रातिनिधिक दायित्व म्हणतात. नोकराने मालकाच्या कामात केलेली चूक ही मालकाची चूक, हा त्याचा मूळ गाभा. त्याची चौकट किती अरुंद होती हे गुजरातमधून आलेल्या आणि १९६६ साली निकाली निघालेल्या टॅक्सीच्या खटल्यात दिसते. मालकाने टॅक्सी एकाला चालवायला दिली होती, त्याने ती गाडी धुणाऱ्या मुलाच्या हाती लायसनच्या परीक्षेसाठी दिली, आणि परीक्षेच्या वेळी अपघात झाला. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांच्या बहुमताच्या निकालाने मालकाला मोकळे केले, कारण ती परीक्षा मालकाच्या कामाचा भाग नव्हती. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी मात्र याविरुद्ध मत नोंदवले. अकरा वर्षांनी, १९७७ मध्ये, नागपूरच्या एका जिनिंग-प्रेसिंग कंपनीच्या खटल्यात न्यायालयाचा कल बदललेला दिसतो. कंपनीचा व्यवस्थापक कंपनीची मोटार नागपूरहून पांढुर्ण्याकडे नेत असताना ती झाडावर आदळली, आणि त्याने सोबत घेतलेला ओळखीचा माणूस मरण पावला. कंपनीने त्या माणसाला बसवायला सांगितले नव्हते, तरीही व्यवस्थापक कंपनीच्या कामावर होता म्हणून कंपनी जबाबदार ठरली. विमा कंपनीचे दायित्व मात्र प्रवाशासाठी विमापत्रात लिहिलेल्या १५,००० रुपयांवरच थांबले. मागून नेलेल्या गाडीत बरोबर बसणाऱ्यांची ही दुखरी बाजू पुढेही राहिली. केवळ थर्ड पार्टी विमा असलेल्या दुचाकीवर मागे बसलेल्याला संरक्षण नाही, हे २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सांगितले.

याच दशकांत महाराष्ट्रात उसनवारीची व्याप्ती वाढण्यास एक आर्थिक कारण होते. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्याची मोटार किंवा पुण्याजवळ आकुर्डीला बनणारी बजाज स्कूटर पैसे भरूनही वर्षानुवर्षे मिळत नसे, त्यामुळे चाळीत, वाड्यात किंवा कचेरीत एखाद्याजवळ असलेले वाहन अनेकांच्या कामी येई. दवाखाना, स्टेशन, मुलीला पाहायला येणारे पाहुणे, अशा कारणांसाठी किल्ली मागणे आणि देणे हे शेजारधर्माचे अंग होते, आणि नकार देणारा माणूस कद्रू गणला जाई. ही रीत पूर्वीच्या सावडीचीच शहरातली बहीण होती. १ जानेवारी १९७३ पासून साधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण होऊन १०७ विमा कंपन्या चार सरकारी कंपन्यांत विलीन झाल्या, आणि सर्वांना एकच दरपत्रक व एकाच मसुद्याची विमापत्रे लागू राहिली. त्या मसुद्यातील चालकासंबंधीचे कलम, जे आजही खासगी गाडीच्या प्रत्येक विमापत्रावर छापलेले असते, या रीतीला अनुकूल होते: विमेदारासह कोणीही व्यक्ती वाहन चालवू शकते, मात्र अपघाताच्या वेळी तिच्याजवळ वैध लायसन असले पाहिजे आणि ते बाळगण्यास ती अपात्र ठरलेली नसावी. शिकाऊ लायसन असलेल्यालाही मुभा आहे, मात्र केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील तिसऱ्या नियमाच्या अटी पाळून, म्हणजे शेजारी लायसनधारक शिकवणारा बसलेला असताना आणि गाडीवर ‘एल’ची पाटी लावलेली असताना. गाडी मागणाऱ्याचे नाव आधी विमा कंपनीला कळवावे लागत नाही, त्यासाठी जादा हप्ता पडत नाही. इतके उदार कलम असूनही ते वाचलेले मालक थोडेच सापडतात, आणि वादाचे मूळ बहुतेक वेळा त्याच्या दुसऱ्या अर्ध्या भागात, लायसनच्या अटीत, असते.

लायसनच्या अटीचा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने १९८७ पासून जी भूमिका घेतली ती या इतिहासातील सर्वांत उदार पायरी आहे. स्कँडिया इन्शुरन्सच्या खटल्यात ट्रकचा लायसनधारक चालक इंजिन चालू ठेवून खाण्याचे काही आणायला उतरला, मागे लायसन नसलेल्या क्लीनरने ट्रक हलवला आणि त्यात एकाचा जीव गेला. १९६६ च्या टॅक्सीशी या घटनेचे साम्य स्पष्ट आहे, पण एकवीस वर्षांत विचार पालटला होता. न्यायमूर्ती ठक्कर यांनी म्हटले की अट मोडली असे म्हणण्यासाठी ती विमेदाराने मोडलेली असली पाहिजे. ज्याने लायसनधारकाच्या हाती वाहन सोपवून आपल्याकडून शक्य ते सर्व केले, त्याच्या माघारी दुसऱ्याने केलेल्या आगळिकीमुळे विमा गळून पडत नाही. सक्तीच्या विम्याने एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेणे हा कायदेमंडळाचा हेतू असू शकत नाही, हा त्या निकालाचा आधार होता. पुढच्याच वर्षी गोव्यातून आलेल्या खटल्यात मोटार दुरुस्तीसाठी कारागिराकडे सोपवलेली असताना एक स्त्री जखमी झाली, आणि कंपनीचे म्हणणे असे की गाडी तेव्हा मालकाच्या नव्हे, स्वतंत्र धंदेवाल्याच्या ताब्यात होती. गॅरेजात गाडी टाकणे ही उसनवारी नव्हे, पण निक्षेपच आहे. न्यायमूर्ती वेंकटरामय्या यांच्या पीठाने निर्णय दिला की मालकाने ज्याच्या ताब्यात गाडी दिली त्याच्या हातून तिऱ्हाईताला झालेली इजाही सक्तीच्या विम्यात येते.

१९८८ चा नवा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ पासून अमलात आला. जुन्या कायद्यातील ९४, ९५, ९६ ही कलमे नव्यात १४६, १४७, १४९ झाली, आणि तिऱ्हाईताच्या मृत्यू किंवा इजेबद्दलच्या दायित्वावरील रकमेची कमाल मर्यादा गेली. ‘आधी भरा, मग वसूल करा’ म्हणून वकिलांच्या तोंडी असलेल्या तत्त्वाला २००४ च्या जानेवारीत स्वर्णसिंग खटल्यात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सुस्पष्ट रूप दिले. त्यानुसार लायसन नव्हते, संपलेले होते किंवा खोटे होते एवढे दाखवून कंपनी सुटत नाही; मालकाने जाणूनबुजून किंवा हयगयीने अट मोडली हे तिने सिद्ध करायचे, आणि सिद्ध केले तरी जखमीला रक्कम आधी देऊन मग ती मालकाकडून वसूल करायची. गाडी देणाऱ्याने किती खातरजमा करावी याचेही मोजमाप याच काळातील निकालांत मिळते: लायसन पाहावे, माणसाला चालवता येते याची खात्री करावी, ते लायसन खरे की बनावट याची आरटीओत जाऊन पडताळणी करण्याची अपेक्षा मालकाकडून नाही. ही अपेक्षा माफक आहे, परंतु शेजाऱ्याला किल्ली देताना त्याचे लायसन मागणे हे आपल्याकडे अविश्वास दाखवल्यासारखे वाटते, आणि या संकोचाची किंमत वसुलीच्या नोटिशीत मोजावी लागते.

येथवर आलेले औदार्य तिऱ्हाईतासाठी होते. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीबद्दल, ज्याला बोलण्यात ‘फुल इन्शुरन्स’ म्हणतात, कंपनी आणि मालक यांच्यातील शुद्ध करारच चालतो. मित्राने लायसन नसताना गाडी ठोकली तर दुरुस्तीचा दावा फेटाळला जातो आणि तेथे ‘आधी भरा’ हे तत्त्व मदतीला येत नाही. उसनी देणे आणि भाड्याने देणे यांतील सीमारेषाही येथेच महत्त्वाची ठरते, कारण खासगी गाडीचे विमापत्र भाड्याचा वापर स्पष्टपणे वगळते. पेट्रोल भरून गाडी परत करणे ही रीत झाली; दिवसाला ठरावीक रक्कम घेणे हा धंदा झाला. गोव्यासारख्या पर्यटनाच्या प्रदेशात ही रेषा रोज ओलांडली जाते. तेथे भाड्याच्या मोटारींसाठी १९८९ ची आणि मोटारसायकलींसाठी १९९७ ची केंद्रीय योजना आहे, त्या वाहनांना काळी पाटी व वेगळा विमा असतो, तरीही पांढऱ्या पाटीची खासगी वाहने ‘मित्राची गाडी’ म्हणून पाहुण्यांच्या हाती दिली जातात, आणि अपघात झाला की त्या मैत्रीचा हिशेब दावा तपासणाऱ्याच्या टेबलावर मांडला जातो. अशा अटीच्या भंगात सगळाच दावा बुडू नये म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली एका प्रकरणात नुकसानीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम देण्याचा मार्ग मान्य केला. कंपन्यांच्या भाषेत याला ‘नॉन-स्टँडर्ड’ तडजोड म्हणतात. मालकाच्या इच्छेविरुद्ध गाडी जाण्याचाही एक प्रकार आहे: निवडणुकीसाठी प्रशासनाने ताब्यात घेतलेल्या वाहनाचा अपघात झाला तर त्या काळापुरते राज्यच मालक समजावे, असे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निकालाने ठरले.

आता राहिला तो स्वतः गाडी मागून नेणारा. त्याच्या हातून दुसऱ्याला इजा झाली तर विमा धावून येतो, पण तोच मेला किंवा जायबंदी झाला तर काय, या प्रश्नाकडे कायद्याचे लक्ष उशिरा गेले. १९९४ च्या दुरुस्तीने कलम १६३-अ आले, ज्याखाली कोणाचीही चूक सिद्ध न करता वार्षिक ४०,००० रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्यांच्या कुटुंबांना ठरावीक कोष्टकानुसार भरपाई मागता येऊ लागली. गरीब कुटुंबांना हा मोठा आधार होता आणि तो उसन्या वाहनावर मेलेल्यांच्या घरच्यांनाही मिळेल असे वाटणे स्वाभाविक होते. परंतु २००४ सालीच धनराज खटल्यात न्यायालयाने सांगितले होते की मालक स्वतःच्या वाहनाच्या विम्यात तिऱ्हाईत नसतो. त्याच तर्काचा पुढचा टप्पा २००९ च्या निंगम्मा खटल्यात आला. इलकल हे नाव महाराष्ट्राच्या घराघरांत लुगड्यामुळे परिचित आहे. तेथून आपल्या गावी जाण्यासाठी एका माणसाने ओळखीच्याची मोटारसायकल मागून घेतली, पुढे लोखंडी पत्रे घेऊन चाललेली बैलगाडी अचानक थांबली, आणि तो तिच्यावर आदळून गेला. बैलगाडीला विमा नव्हता आणि असण्याची सक्तीही नव्हती. त्याच्या बायकोने मोटारसायकलच्या विमा कंपनीकडे कलम १६३-अ खाली भरपाई मागितली, तेव्हा न्यायालयाने ठरवले की वाहन मागून नेणारा त्या काळापुरता मालकाच्या जागी उभा राहतो, आणि मालकच भरपाई देणारा असल्यामुळे त्याच्या जागी उभा राहिलेल्याला ती मागता येत नाही.

कायद्याच्या तर्कशास्त्रात हा निष्कर्ष बसतो. त्याचा परिणाम मात्र मन अस्वस्थ करणारा आहे. ज्याने गाडी विकत घेतली नाही, हप्ता भरला नाही, विमापत्र पाहिलेही नाही, त्याला मालकाचे अधिकार तर मिळत नाहीत, फक्त मालकाची अपात्रता तेवढी वाट्याला येते. २०२० च्या रामखिलाडी खटल्यात हेच तत्त्व पुन्हा सांगितले गेले. मृताच्या नातलगांनी समोरून धडकलेल्या वाहनाचा मालक व विमा कंपनी यांना पक्षकार न करता मृत चालवत असलेल्या मोटारसायकलच्याच कंपनीकडे मागणी केली होती, आणि शेवटी त्यांना मिळाले ते मालक-चालकाच्या व्यक्तिगत अपघात संरक्षणाचे एक लाख रुपये. हे संरक्षण म्हणजे मालक स्वतः वाहन चालवताना मेला किंवा कायमचा अपंग झाला तर त्याच विमापत्रातून मिळणारी ठरावीक रक्कम. २०१८ पासून ती पंधरा लाख रुपये करण्यात आली. मात्र ती मालकाच्या नावाने असते, आणि गाडी वारंवार दुसऱ्याच्या हाती जात असेल तर चालवणाऱ्यासाठी वेगळे अपघात संरक्षण घ्यावे लागते, हे विमा घेताना क्वचितच कोणी सांगतो किंवा विचारतो.

२०१९ च्या दुरुस्तीने देणाऱ्यावरचे दडपण वाढवले. लायसन नसलेल्याच्या हाती वाहन दिल्याबद्दलचा दंड एक हजारावरून पाच हजार रुपयांवर गेला, आणि अल्पवयीन मुलाच्या हाती ते गेल्यास पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार रुपये दंड आणि वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, अशी तरतूद कलम १९९-अ मध्ये आली. कलम १६३-अ रद्द होऊन १ एप्रिल २०२२ पासून कलम १६४ अमलात आले, ज्यात चूक सिद्ध न करता मृत्यूबद्दल पाच लाख आणि गंभीर इजेबद्दल अडीच लाख रुपये देण्याचे आहे, आणि उत्पन्नाची अट नाही. जुन्या कलमाखालील दावे मात्र अजून न्यायालयांत आहेत. त्यांपैकीच एका प्रकरणात, ज्यात स्वतःच्या गाडीत आईवडील गमावलेल्या मुलीची मागणी होती, सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठाने ऑगस्ट २०२५ मध्ये आधीच्या निकालांबद्दल शंका व्यक्त केली: कलम १६३-अ हे इतर तरतुदींना बाजूला सारणारे असताना त्याचा लाभ फक्त तिऱ्हाइतांपुरता का मर्यादित धरावा, असा तो मुद्दा असून तो मोठ्या पीठाकडे सोपवण्यात आला आहे. त्यावर जो निर्णय होईल तो मालकाच्या वारसांइतकाच, त्याच्या जागी उभ्या केल्या गेलेल्या मागून नेणाऱ्यांच्या वारसांनाही लागू पडण्याजोगा आहे.